किनाऱ्यावरील वाळूचा रंग कसा ओळखावा आणि त्याचे कारण कसे शोधावे

रत्नागिरी शहराला दोन समुद्र आहेत, असे तिथला माणूस सहज सांगतो. रत्नदुर्गाच्या डोंगराच्या एका अंगाला मांडवीचा काळा समुद्र आहे आणि दुसऱ्या अंगाला, मिऱ्याच्या दिशेने, पांढरा समुद्र. पाणी दोन्हीकडे त्याच अरबी समुद्राचे आहे. नावे पडली आहेत ती पायाखालच्या वाळूवरून. ज्यांनी ही नावे ठेवली त्यांनी वाळूचे निरीक्षण नीट केले होते आणि काळ्या रंगाला त्यांनी कमीपणाही दिला नव्हता. आज मात्र तारकर्लीची पांढरी वाळू पाहून आलेला पर्यटक अलिबागच्या किंवा श्रीवर्धनच्या काळसर पुळणीवर पाऊल ठेवताना नाक मुरडतो आणि ‘किनारा घाण आहे’ असे म्हणून मोकळा होतो. हा त्या किनाऱ्यावर अन्याय आहे. ती वाळू ज्या डोंगरातून आली त्या डोंगराचा रंग घेऊन आली आहे, आणि हे घरच्या साध्या वस्तूंनी कोणालाही तपासून पाहता येते. त्या तपासणीची पद्धत येथे दिली आहे.

रंग कोठून येतो

वाळू हे एखाद्या पदार्थाचे नाव नसून आकाराचे नाव आहे. साधारणपणे ०.०६ ते २ मिलिमीटर व्यासाच्या कणांना भूशास्त्रात वाळू म्हणतात, मग तो कण गारगोटीचा असो, शिंपल्याचा असो, ज्वालामुखीच्या काचेचा असो किंवा एखाद्या एकपेशीय जीवाचे कवच असो. त्यामुळे वाळूचा रंग म्हणजे तिच्यातील निरनिराळ्या कणांच्या रंगांची बेरीज असते, आणि ही बेरीज मुख्यतः चार गोष्टींवर ठरते. पहिली गोष्ट म्हणजे नदीने किंवा लाटांनी कोणता खडक फोडून आणला. दुसरी, त्या समुद्रात कोणते जीव राहतात आणि मेल्यावर काय मागे ठेवतात. तिसरी, कणांवर लोहाच्या गंजाचा पातळ थर चढला आहे किंवा नाही. आणि चौथी, लाटांनी हलके कण वाहून नेऊन जड कण मागे किती ठेवले. यांतील चौथ्या कारणाकडे लोकांचे सर्वांत कमी लक्ष जाते. माझ्या मते मात्र आपल्या किनाऱ्यांच्या बाबतीत तेच सर्वांत रंजक आहे, कारण त्याच्यामुळे एकाच किनाऱ्याचा रंग ऋतूप्रमाणे बदलताना दिसतो.

किनाऱ्यावर आधी काय पाहावे

वाळू हातात घेण्यापूर्वी आजूबाजूला पाहावे. किनाऱ्याच्या दोन्ही टोकांना कातळ असेल तर तो कोणता आहे, तो काळा बेसाल्ट आहे की तांबडा जांभा, की फिकट रंगाचा दाणेदार दगड, हे टिपून ठेवावे. जवळ नदीचे किंवा खाडीचे मुख असेल तर ती नदी कोठून येते, हे नकाशावर पाहावे. पुळणीवर फुटक्या शिंपल्यांचे थर दिसतात का, हेही पाहावे. एवढ्या निरीक्षणातून निम्मे उत्तर हाती येते.

त्यानंतर ओली आणि सुकी वाळू वेगळी करून पाहण्याची सवय लावावी. ओली वाळू नेहमीच अधिक गडद दिसते. कोरड्या वाळूत कणांच्या मधल्या हवेमुळे प्रकाश पुष्कळ विखुरला जाऊन डोळ्यांकडे परत येतो; कणांभोवती पाण्याचा थर आला की प्रकाश कमी विखुरतो, अधिक खोलवर शिरतो आणि तेथेच शोषला जातो. म्हणून लाटेच्या रेषेवर ‘काळी’ वाटलेली वाळू माडांच्या सावलीत सुकल्यावर फिकट तपकिरी निघू शकते. छायाचित्र काढायचे असेल तर चौकटीत पांढऱ्या कागदाचा एक तुकडा ठेवावा, कारण मोबाइलचा कॅमेरा रंग आपल्या मनाप्रमाणे बदलतो आणि पुढे दोन किनाऱ्यांची तुलना करताना फसगत होते.

नमुना घेताना भरतीची रेषा आणि ओहोटीची रेषा यांच्या मधल्या भागातील वरच्या एकदोन सेंटिमीटर थरातून चमचाभर वाळू घ्यावी. वरच्या कोरड्या पट्ट्यातील, म्हणजे सुरूच्या बनाजवळची वाळू हवी असल्यास ती वेगळ्या डबीत ठेवावी, कारण तेथील कण वाऱ्याने निवडलेले असतात आणि बहुधा अधिक बारीक असतात. डबीवर ठिकाण, तारीख आणि भरती-ओहोटीची वेळ लिहावी. वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे घरटी करतात, त्यामुळे हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वरच्या पट्ट्यात कोठेही खणू नये. कासवांसाठी वाळूचा रंग जीवनमरणाचा विषय आहे: गडद वाळू अधिक तापते, आणि अंड्यांतून नर निघणार की मादी हे घरट्याच्या तापमानावर ठरते. घरटे जितके उबदार, तितक्या माद्या अधिक.

घरी करावयाच्या चाचण्या

पुढील सर्व चाचण्यांसाठी एक भिंग, एक चुंबक, पांढरे व्हिनेगर, एक पसरट थाळी आणि पांढरा व काळा असे दोन कागद पुरतात. दहा पट मोठे दाखवणारे, घड्याळजी वापरतात तसे भिंग मिळाले तर उत्तम. चुंबक जुन्या स्पीकरमधून काढलेला चालतो. निओडिमियमचा, म्हणजे आकाराने लहान पण फार जोरदार असा, चुंबक असल्यास अधिक बरे.

पहिले काम म्हणजे वाळू गोड्या पाण्याने तीनचार वेळा धुऊन कागदावर पूर्ण सुकवणे. हे टाळू नये. समुद्राचे पाणी सुकल्यावर कणांवर मिठाचे स्फटिक राहतात, ते भिंगाखाली गारगोटीसारखे चमकतात आणि नवख्या माणसाला हमखास चकवतात.

सुकलेली वाळू पांढऱ्या कागदावर एका कणाच्या जाडीने पसरावी. चुंबक प्लास्टिकच्या पातळ पिशवीत गुंडाळून वाळूवरून अर्ध्या सेंटिमीटर अंतरावर फिरवावा. पिशवी महत्त्वाची आहे, कारण ती उलटी काढली की चिकटलेले कण आपोआप सुटतात. उघड्या चुंबकाला बसलेली काळी पूड मग कशानेही निघत नाही. जे कण उडी मारून चिकटतात आणि केसांसारखे उभे राहतात ते मॅग्नेटाइटचे, म्हणजे चुंबकीय लोहखनिजाचे असतात. ते काढून घेतल्यावर निओडिमियमचा चुंबक अगदी वाळूला टेकवून फिरवावा. आता अनिच्छेने चिकटणारे काळे चकचकीत कण इल्मेनाइटचे, म्हणजे लोह-टायटॅनियमच्या खनिजाचे, असण्याची शक्यता मोठी असते. येथे एक सावधगिरी घ्यावी: बेसाल्ट खडकाच्या तुकड्यातही मॅग्नेटाइटचे सूक्ष्म दाणे असतात, त्यामुळे खडकाचा साधा कणही जोरदार चुंबकाला चिकटतो. दोघांतील फरक भिंगाने कळतो. खडकाचा कण निस्तेज, राखाडी-काळा आणि ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. इल्मेनाइटच्या कणाला धातूसारखी चकाकी असते.

दुसरी चाचणी व्हिनेगरची. काचेच्या पेल्यात चिमूटभर वाळू घेऊन तीवर व्हिनेगर ओतावे. शिंपले, प्रवाळ आणि बहुतेक सागरी कवचे कॅल्शियम कार्बोनेटची असतात. त्यांच्यावर बारीक बुडबुड्यांची माळ लागते. गारगोटीवर आणि काळ्या खनिजांवर काहीच होत नाही. प्रमाण काढायचे असेल तर स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर ५ ग्रॅम कोरडी वाळू मोजावी, व्हिनेगर घालून रात्रभर ठेवावी, बुडबुडे थांबेपर्यंत व्हिनेगर बदलत राहावे आणि उरलेली वाळू धुऊन, सुकवून पुन्हा मोजावी. वजनात जितकी घट झाली तितका शिंपल्यांचा भाग. व्हिनेगरमध्ये काटकसर करू नये, कारण ५ ग्रॅम निव्वळ शिंपले विरघळवण्यास ४ टक्के तीव्रतेचे व्हिनेगर सुमारे १५० मिलिलिटर लागते. भांड्यावर घट्ट झाकण लावू नये, कारण निघणारा कार्बन डायऑक्साइड ते उडवू शकतो. शौचालय साफ करण्याचे ॲसिड या कामासाठी मुळीच वापरू नये; थोडा वेळ अधिक लागला तरी व्हिनेगरच बरे.

तिसरी चाचणी सर्वांत जुनी आहे आणि हातसवयीची आहे. थाळीत मूठभर वाळू व भरपूर पाणी घेऊन थाळी किंचित कलती धरावी, गोल हिंदकळवावी आणि वरचे पाणी हलक्या कणांसह थोडे थोडे सांडू द्यावे. तांदळातून खडे गाळताना हात जसा चालतो तसाच येथे चालतो. गारगोटी पाण्याच्या सुमारे २.६५ पट जड आहे, शिंपले २.७ ते २.९ पट, ऑलिव्हिन हे हिरवे खनिज ३.३ पटीच्या आसपास, तांबडे गार्नेट ४ पट किंवा थोडे अधिक, इल्मेनाइट ४.७ पट आणि मॅग्नेटाइट ५.२ पट. म्हणून थाळीच्या कडेशी शेवटी उरते ती जड खनिजांची गडद चंद्रकोर. पहिल्या दोनतीन प्रयत्नांत सगळेच वाहून जाते. खाली बादली ठेवावी म्हणजे पुन्हा सुरुवात करता येते.

गारगोटी ओळखण्याची आणखी एक खूण म्हणजे तिचा कठीणपणा. टाकाऊ बाटलीच्या काचेवर चिमूटभर वाळू ठेवून लाकडाच्या तुकड्याने दाबून घासावी. गारगोटीने काचेवर स्पष्ट ओरखडे उठतात, शिंपल्यांच्या चुऱ्याने उठत नाहीत.

काळी वाळू

आपल्या वाचकाच्या पायाखाली बहुधा हीच वाळू असते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर सांगणे योग्य ठरेल. मुंबईपासून सिंधुदुर्गाच्या उत्तर भागापर्यंतचा सह्याद्री आणि कोकणपट्टी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांची बनलेली आहे. या बेसाल्टमध्ये फिकट फेल्डस्पार, गडद पायरॉक्सीन आणि टायटॅनियमयुक्त लोहखनिजे ही मुख्य खनिजे असतात. गारगोटी त्याच्या मूळ घडणीत नसतेच म्हटले तरी चालेल, ती फक्त खडकातील पोकळ्यांमध्ये नंतर साचलेली आढळते. आता कोकणातील धुवांधार पावसात हा खडक कुजतो तेव्हा फेल्डस्पारची माती होते आणि ती गाळाच्या रूपाने खाडीत व खोल समुद्रात जाते. मागे टिकून राहतात ती गडद लोहखनिजे, पायरॉक्सीनचे दाणे आणि न कुजलेल्या काळ्या दगडाचे तुकडे. उत्तर व मध्य कोकणात नद्यांकडून किनाऱ्याला पांढरा कण फारसा मिळत नाही. तेथील वाळूतला पांढरेपणा प्रामुख्याने समुद्राने, म्हणजे शिंपल्यांनी, दिलेला असतो.

यावरून एक सोपा हिशोब मांडता येतो. बेसाल्टच्या प्रदेशातील राखाडी वाळू म्हणजे डोंगराचा काळा आणि शिंपल्यांचा पांढरा यांचे मिश्रण. व्हिनेगरच्या चाचणीनंतर अशी वाळू पूर्वीपेक्षा कितीतरी काळी होऊन बाहेर येते, कारण तिच्यातील पांढरा भाग विरघळून गेलेला असतो. हा बदल पहिल्यांदा पाहताना होणारा आनंद वेगळाच असतो, आणि शाळेतील मुलांना दाखवण्यासाठी याहून स्वस्त आणि स्पष्ट प्रयोग मला तरी ठाऊक नाही. रत्नागिरीस राहणाऱ्यांनी काळ्या व पांढऱ्या समुद्राचे नमुने दोन पेल्यांत शेजारी शेजारी ठेवून हा प्रयोग अवश्य करावा आणि उरलेल्या वजनाची तुलना करावी. मांडवी भाट्याच्या खाडीच्या मुखाशी आहे व काजळी नदी तेथे समुद्राला मिळते, हेही तुलना करताना ध्यानात ठेवावे.

लाटांचा वाटा येथून पुढे सुरू होतो. लाट किनाऱ्यावर चढते तेव्हा ती सर्व प्रकारचे कण घेऊन येते, पण परत जाताना तिचा जोर कमी असतो. हलके कण तिच्याबरोबर उतरतात आणि जड कण जागच्या जागी बसतात. हे दिवसातून हजारो वेळा घडते. पावसाळ्यात उंच लाटा पुळणीवरील वाळू मोठ्या प्रमाणावर ओढून समुद्रात नेतात, तेव्हा हलक्या वाळूचे आवरण जाते आणि खालचे काळे पट्टे उघडे पडतात. ऑक्टोबरनंतर समुद्र शांत झाला की लहान लाटा तीच हलकी वाळू पुन्हा किनाऱ्यावर आणतात आणि काळे पट्टे झाकले जातात. म्हणून श्रावणात पाहिलेला किनारा आणि वैशाखात पाहिलेला किनारा रंगाने वेगळा वाटला तर त्यात नवल नाही. किनाऱ्यावर हातभर खोल खड्ड्याची उभी बाजू पाहिली तर काळ्या आणि फिकट थरांच्या चळती दिसतात. प्रत्येक काळा थर म्हणजे समुद्र खवळलेला असतानाची एक नोंद असते.

अशाच निवडीतून रत्नागिरीच्या परिसरातील उपसागरांत, काळबादेवीसारख्या ठिकाणी, इल्मेनाइटचे साठे तयार झाले आहेत. इल्मेनाइट हे लोह आणि टायटॅनियम यांचे ऑक्साइड आहे, आणि भिंतींना लावायच्या पांढऱ्या रंगात, कागदात व प्लास्टिकमध्ये वापरले जाणारे टायटॅनियम डायऑक्साइड त्यापासून काढतात. काळ्या वाळूतून जगातील सर्वांत पांढऱ्या रंगद्रव्यांपैकी एक निघते, ही गोष्ट नाक मुरडणाऱ्यांना सांगण्यासारखी आहे.

केरळमधील चवऱ्याच्या काळ्या वाळूचे मूळ वेगळे आहे. तेथील डोंगर बेसाल्टचे नाहीत. ते फार प्राचीन रूपांतरित खडकांचे आहेत, आणि त्यांच्या झिजेतून इल्मेनाइटबरोबर रुटाइल, झिरकॉन, सिलिमनाइट आणि थोरियमयुक्त मोनाझाइट किनाऱ्यावर साचले आहे. या मोनाझाइटचा शोध १९०९ मध्ये शॉमबर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाला लागला, तोही त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूतून. हवाई बेटावरील काळी वाळू तर याहूनही निराळी. तेथे तापलेला लाव्हारस समुद्रात पडताच थंड होऊन त्याचे काचेसारखे तुकडे उडतात आणि किनारा काही आठवड्यांत तयार होतो. २०१८ च्या किलाउआ ज्वालामुखीच्या उद्रेकात पोहोइकी येथे अशी नवी काळी पुळण निर्माण झाली. रंग एक, पण कोकणात तो डोंगराच्या झिजेतून आणि लाटांच्या निवडीतून आला, तर हवाईत लाव्हारस थेट पाण्यात फुटल्यामुळे. फरक भिंगाखाली उघड होतो: हवाईच्या कणांच्या कडा टोकदार आणि चकचकीत असतात, तर नदीच्या लांबच्या प्रवासातून आलेले कण झिजून गोलसर झालेले असतात.

पांढरी आणि सोनेरी वाळू

पांढरी वाळू दोन पूर्णपणे भिन्न प्रकारची असते आणि नुसत्या डोळ्यांनी त्यांत गल्लत होते. एक शिंपल्या-प्रवाळांची, दुसरी गारगोटीची. व्हिनेगर आणि बाटलीची काच या दोन चाचण्यांत निकाल लागतो. लक्षद्वीपची वाळू पहिल्या प्रकारची आहे. तिच्या निर्मितीत पोपटमाशांचा मोठा हात असतो. हे मासे प्रवाळांवरील शेवाळ कुरतडताना प्रवाळाचा खडकही खातात, घशातील दातांनी तो भरडतात आणि बारीक पांढरी वाळू विष्ठेतून बाहेर टाकतात. मोठ्या जातीचा एक मासा वर्षभरात शेकडो किलो वाळू तयार करू शकतो. दुसऱ्या प्रकाराचे टोकाचे उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियातील व्हाइटहेवनची पुळण; तिच्यातील सिलिकाचे प्रमाण सुमारे ९८ टक्के आहे.

सिंधुदुर्गाच्या दक्षिण भागात लाव्हारसाचे थर संपतात आणि ग्रॅनाइटसारखे, क्वार्ट्झाइटसारखे जुने खडक वर येतात. त्यांत गारगोटी विपुल असते. मालवण, तारकर्ली, वेंगुर्ले आणि पुढे गोव्याची वाळू उत्तर कोकणाहून फिकट का, याचे मूळ कारण हे आहे. रायगडच्या किनाऱ्यावरून वेंगुर्ल्यापर्यंत दहाबारा ठिकाणी थांबत एकेक चमचा वाळू घेतली आणि डब्या ओळीने मांडल्या, तर खडकांचा हा बदल टेबलावर दिसू लागतो. काशीदसारखा एखादा पांढरट अपवाद मध्येच येतो, आणि अपवाद आला की व्हिनेगर हाती घ्यावे.

सोनेरी छटा बहुधा गारगोटीवरील लोहाच्या ऑक्साइडच्या अतिशय पातळ लेपातून येते. भिंगाखाली कणाच्या खळग्यांमध्ये पिवळा किंवा नारिंगी रंग साचलेला दिसतो, तर घासल्या गेलेल्या कडा स्वच्छ असतात. जांभ्याच्या कड्यांखाली हा लेप दाट होऊन वाळू तांबूस दिसते. वाळूत सोन्याचे पापुद्रे चमकत असल्यासारखे वाटले तर ते अभ्रक असते. ते पापुद्र्यांच्या रूपात पाण्यावर तरंगल्यासारखे हलते आणि थाळीतून सर्वांत आधी निघून जाते, खरे सोने सर्वांत शेवटी उरले असते.

गुलाबी, हिरवी, तांबडी, जांभळी

बर्म्युडा आणि बहामाच्या हार्बर बेटावरील गुलाबी छटा होमोट्रेमा रुब्रम नावाच्या एकपेशीय जीवाच्या लाल कवचामुळे येते. हा जीव प्रवाळांच्या खालच्या बाजूस चिकटून वाढतो, वादळात तुटतो आणि त्याचा लाल चुरा पांढऱ्या वाळूत मिसळतो. वाळू हातात घेतली तर ती पांढरीच असते आणि तिच्यात मोजके लाल कण असतात. गुलाबी रंग दुरूनच जाणवतो. इटलीतील बुदेल्ली बेटाची गुलाबी पुळण अशाच दुसऱ्या एका जीवामुळे बनली आहे. पर्यटक तेथील वाळू इतकी उचलून नेऊ लागले की १९९४ पासून त्या पुळणीवर पाऊल ठेवण्यास बंदी घालावी लागली.

हिरव्या वाळूचे प्रसिद्ध ठिकाण म्हणजे हवाईतील पापाकोलेआ. तेथील ज्वालामुखीच्या राखेच्या टेकडीत ऑलिव्हिनचे हिरवे दाणे आहेत. समुद्र टेकडी पोखरतो, हलकी राख वाहून नेतो आणि जड ऑलिव्हिन किनाऱ्यावर राहते. मग कोकणातील बेसाल्टपासून हिरवी वाळू का होत नाही, असा प्रश्न जिज्ञासू वाचक विचारील. उत्तर असे की ऑलिव्हिन हे हवापाण्यात सर्वांत लवकर कुजणाऱ्या खनिजांपैकी आहे. कोकणच्या पावसात, कोट्यवधी वर्षे जुन्या खडकात आणि नदीच्या प्रवासात ते टिकाव धरत नाही. आपल्या वाळूत हिरवा पारदर्शक कण सापडला तर तो बाटलीच्या काचेचा असण्याची शंका आधी घ्यावी. काच पाण्याच्या अडीच पटच जड असल्याने ती थाळीतून गारगोटीबरोबर निघून जाते, ऑलिव्हिन मागे राहते.

तांबड्या-गुलाबी आणि जांभळट पट्ट्यांमागे बहुधा गार्नेट असते. कन्याकुमारीला तांबडी, काळी आणि फिकट वाळू पुड्यांमधून विकतात. देवीच्या मोडलेल्या लग्नातील न शिजलेल्या धान्याची ती वाळू झाली, अशी आख्यायिका आहे. भिंगाखाली त्यातील तांबडे दाणे डाळिंबाच्या दाण्यांसारखे पारदर्शक दिसतात, ते गार्नेट होय, आणि काळे दाणे इल्मेनाइटचे असतात. कॅलिफोर्नियातील फायफर पुळणीवरील जांभळे पट्टेही मँगनीजयुक्त गार्नेटचे आहेत आणि हिवाळ्यातील पावसानंतर ते अधिक ठळक होतात.

रंग वाळूचा नसेल तेव्हा

काही रंग कणांचे नसून त्यांच्यावरील किंवा खालील तात्पुरत्या गोष्टींचे असतात. खाडीच्या मुखाशी वीतभर खणल्यावर काळा, कुजक्या अंड्यासारख्या वासाचा थर लागला तर घाबरून ‘सांडपाणी’ असा निष्कर्ष लगेच काढू नये. हवा न पोहोचणाऱ्या खोलीवर काही जीवाणू समुद्राच्या पाण्यातील सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, आणि त्याचा वाळूतील लोहाशी संयोग होऊन काळे आयर्न सल्फाइड बनते. हे निसर्गतःही घडते. या वाळूचा गोळा उन्हात ठेवल्यास काही तासांत तो राखाडी-तपकिरी होतो; खनिजांमुळे काळी असलेली वाळू कितीही वेळ ठेवली तरी काळीच राहते. मात्र असा थर पृष्ठभागावरच आला असेल आणि जवळ गटाराचे तोंड असेल तर सेंद्रिय घाण वाढल्याची ती खूण असू शकते, आणि तेव्हा ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपरिषदेकडे तक्रार करणे योग्य.

ओहोटीच्या वेळी चिखलट वाळूवर दिसणारी सोनेरी-तपकिरी किंवा हिरवट साय डायाटम या सूक्ष्म शैवालांची असते; ते उजेडासाठी पृष्ठभागावर येतात आणि पाणी चढण्यापूर्वी पुन्हा खाली सरकतात. बोटाने पुसली तर खालची वाळू आपल्या मूळ रंगाची निघते.

पावसाळ्यात मुंबई आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर येणारे डांबराचे गोळे हे मात्र नैसर्गिक काळ्या वाळूत कधीही मोजू नयेत. ते समुद्रात सांडलेल्या तेलाचे असतात. ओळख सोपी आहे: बोटांत दाबल्यावर ते चिकटतात, डांबरासारखा वास येतो, पाण्याने डाग जात नाही आणि चुंबक त्यांना ओढत नाही. खनिजांची काळी वाळू हातावरून स्वच्छ झडून जाते.

नमुने जपताना

नमुना चमचाभरच घ्यावा. हवाईमध्ये किनाऱ्यावरील वाळू नेणे कायद्याने मना आहे आणि सार्डिनियात त्यासाठी ५०० ते ३,००० युरोपर्यंत दंड होतो, त्यामुळे परदेशी राहणाऱ्या किंवा प्रवासास जाणाऱ्या मराठी वाचकांनी तेथील नियम आधी पाहावेत. भिंग आणि छायाचित्र यांवर तेथे समाधान मानावे. चवऱ्यासारख्या किनाऱ्यांवरील मोनाझाइट हे अणुखनिज असल्याने तेथील वाळू स्मृतिचिन्ह म्हणूनही आणू नये.

आपल्या गावाजवळच्या किनाऱ्यासाठी मे महिन्याच्या अखेरीस एक, ऑगस्टमध्ये समुद्र सुरक्षित असेल त्या दिवशी ओहोटीला एक आणि डिसेंबरमध्ये एक, असे वर्षाला तीन नमुने एकाच ठिकाणाहून घ्यावेत. जागा चुकू नये म्हणून एखादा ठळक कातळ, देवळाची दीपमाळ किंवा जेटीचे टोक यांवरून पावले मोजून ठेवावीत. तिन्ही नमुन्यांतून चुंबकाला लागलेला भाग आणि व्हिनेगरनंतर उरलेला भाग यांची वजने एका वहीत ओळीने लिहावीत, आणि चाचणी न केलेली उरलेली वाळू पुढच्या खेपेस त्याच किनाऱ्यावर, भरतीच्या रेषेखाली, परत टाकून यावी.